बाराशे वॉटचं स्टिकर आणि पंधराची फ्यूज

आमच्याकडं सीझनला ऊसाचा ट्रॅक्टर रात्री दोन वाजता जरी रस्त्यानं गेला तरी आधी बेस येतो आणि मग ट्रॅक्टर येतो. कराडकडचे, सांगलीकडचे लोक लगेच ओळखतील मी काय म्हणतोय ते. मागं दोन ट्रॉल्या, वर कांड्यांचा डोंगर, ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन मोठे बॉक्स, शिवाय रंगीत लाईटच्या माळा आणि गाणं असं वाजतंय की गोठ्यातली म्हैस उभी राहते. त्याआधी लहानपणी वडापच्या जीपमधे पाठीमागं बसलो की स्पीकर बरोबर मणक्याला लागायचा, हायस्कूलला पोचेपर्यंत पाठ सुन्न. तर दणकट आवाजाची आवड ही अशी रक्तातच आलेली आहे, त्यात माझा काही दोष नाही, आणि त्यातूनच गाडीत साउंड सिस्टीम बसवायचा हा सगळा उद्योग झाला.

जाता जाता एक गंमत. गणपतीत, वरातीत जी स्पीकरची भिंत असते तिला आमच्या भागात सगळे 'डॉल्बी' म्हणतात. डॉल्बी लावला, डॉल्बी बंद पाडला, डॉल्बीवर कारवाई. आता हे डॉल्बी म्हणजे रे डॉल्बी नावाचा अमेरिकन माणूस, त्यानं १९६५ साली कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करायच्या युक्तीवर. म्हणजे ज्या माणसानं आयुष्यभर नको तो आवाज कमी करायचं काम केलं त्याचंच नाव आपण कशाला दिलंय बघा.

असो. गाडी सेकंडहँड स्विफ्ट, २०१४ चं मॉडेल, पेट्रोल. दर पंधरवड्याला चिंचवड ते गाव आणि परत, एका बाजूनं दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, एवढा वेळ मोबाईलवर बारीक आवाजात ऐकणं म्हणजे शिक्षाच. आधीच्या मालकानं चांगला डेक (डॅशबोर्डमधला म्युझिक प्लेअर) बसवून ठेवलेला, पण स्पीकर कंपनीचे, कागदाचे, आवाज वाढवला की फाटके. तर मागच्या दिवाळीला बोनस झाला आणि मी जाऊन एक बेस ट्यूब उचलून आणली. गोल नळकांड्यासारखी असते ती, आतच ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर), समोर निळी लाईट. साडेपाच हजार. वर चंदेरी स्टिकर, १२०० वॉट. दुकानदार म्हणाला, साहेब, काचा फुटतील. काचा सोडा, घरी येईपर्यंत मला कळलं की हिच्यात एकच सूर आहे. गाणं कुठलंही लावा, खाली 'भूंऽऽ' तेच. ढोलकी पण भूं, बेस गिटार पण भूं.

आमच्या बिल्डिंगमधे एक काका आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधे इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर. त्यांना नाट्यसंगीत सोडून काही चालत नाही आणि तेही छोट्या रेडिओवर. पार्किंगमधे मी डिक्की उघडी टाकून उभा होतो तर ते आले. मी आपला कौतुकानं सांगायला लागलो, काका बाराशे वॉट आहे. ते म्हणाले, "वॉट सोड रे. फ्यूज दाखव."

ट्यूबच्या बाजूला छोटी निळी फ्यूज. पंधराची. काकांनी तिथंच माझ्या धुळीनं भरलेल्या काचेवर बोटानं गणित मांडलं. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ व्होल्ट. पंधरा अँपिअर गुणिले १३.८, म्हणजे २०७ वॉट. त्याच्यावर खेचलं तर फ्यूज जाणार. हे झालं आत जाणारं. त्यातलं जुन्या पद्धतीच्या ॲम्पमधे निम्म्याच्या आसपास उष्णतेत जातं, उरतं शंभर-सव्वाशे. "मग हे बाराशे कुठून आणलेत, त्यानं घरच्या मीटरमधून वायर ओढलीय का?" असं म्हणून ते वर निघून गेले. ते गणित पहिला पाऊस येईपर्यंत काचेवर होतं, मी पुसलं नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही दुकानात गेलो की आधी फ्यूज बघतो. तुम्हीपण बघा. डेकवर '५० वॉट गुणिले ४' लिहिलेलं असतं ना, त्याच्या पाठीमागं बहुतेक वेळा दहाची फ्यूज असते, १३८ वॉट सगळे मिळून, मग दोनशे कसे देणार तो? प्रत्येक स्पीकरला खरे पंधरा-वीस मिळाले तरी खूप. डब्यावर मोठ्या अक्षरात जे मॅक्स किंवा पीक असतं ते क्षणभराचं, बघायचं ते आरएमएस, म्हणजे सलग किती वाजू शकेल ते. बारीक अक्षरात असतं, नसेल तर डबा खाली ठेवायचा.

आणि दुसरं जे मला फार उशिरा कळलं ते म्हणजे वॉट डबल केले म्हणून आवाज डबल होत नाही. डबल वॉटला फक्त ३ डेसिबल वाढतात, 'हां, जरा वाढला' एवढंच. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटला तो किती डेसिबल वाजतो ते बघितलं तर फुकटात काम होतं, ८८ वाल्याच्या ऐवजी ९१ वाला घेतला की ॲम्प न बदलता डबल पॉवर लावल्यासारखंच. हे कुठलाच दुकानदार सांगत नाही कारण यात त्याचं काही विकलं जात नाही.

तर ट्यूब ओएलएक्सवर दोन हजाराला गेली (घेणाऱ्या पोराला मी फ्यूजचं सांगितलं, तो म्हणाला लाईट चालू आहे ना, मग बास) आणि मी दुसऱ्यांदा शहाणा होऊन निघालो.

पुढच्या दारांसाठी साडेसहा इंची कॉम्पोनंट घेतले. कॉम्पोनंट म्हणजे वूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) दारात खाली आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा) वेगळा, आरशाजवळ वर, मधे दोघांचे सूर वाटून देणारी क्रॉसओव्हरची डबी. कोॲक्सिअलमधे ट्वीटर वूफरच्या पोटातच असतो, स्वस्त पडतं आणि वाईट पण नसतं, पण दारातला स्पीकर आपल्या पोटरीकडं तोंड करून असतो, त्यामुळं गाणारा माणूस पायाशी बसून गातोय असं वाटतं. ट्वीटर वर घेतला की तो उठून डॅशबोर्डवर येतो. मागच्या स्पीकरवर मी एक रुपया घातला नाही. यावरून मित्रांशी भांडण झालं, सगळ्यांना मागं ते सहा बाय नऊचे अंडाकृती पाहिजेच असतात. मला सांगा, तमाशाला नाहीतर कीर्तनाला कुणी फडाकडं पाठ करून बसतं का? मागं पोरं बसतात आणि ती पण हेडफोन लावून.

ॲम्प एकच घेतला, चार चॅनेलचा, क्लास डी (नव्या पद्धतीचा, उष्णतेत कमी घालवणारा), ७५ वॉट आरएमएस प्रत्येकी चार ओहमला (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते). पुढचे दोन चॅनेल पुढच्या दारांना आणि मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे दोन्ही मिळून एक करून, एका दहा इंची सबवूफरला (फक्त बेससाठीचा स्पीकर), तिथं २०० मिळतात. दोन ॲम्प, दोन वायरिंग, दुप्पट खर्च, काही गरज नाही हो. फक्त ब्रिज करताना सबवूफर चार ओहमचा पाहिजे. दोन कॉइलवाला घेतला आणि घाईत पॅरलल जोडून दोन किंवा एक ओहम केला तर ॲम्प प्रोटेक्टमधे जातो, लाल लाईट लावून गप्प बसतो, नशीब वाईट असेल तर कायमचाच.

आता फिटिंग. इथं माझी लागली. हायवेलगतच्या एका दुकानात दिली गाडी, नाव सांगत नाही. दोन पोरं, मोबाईल स्पीकरवर ठेवून कुणाशी तरी गप्पा मारत मारत तीन तासात मोकळी. मी चहाला गेलो होतो तेवढ्यात दाराचा ट्रिम काढून आतला जो प्लॅस्टिकचा पडदा असतो तो टर्रकन फाडून टाकला होता. मला तेव्हा कळलंच नाही की तो पडदा कशासाठी असतो.

घरी निघालो, टोलला काच खाली केली आणि 'टक्'. वर घेतली, परत खाली, परत टक्. काच अर्ध्यात अडते. नवीन स्पीकरचं मॅग्नेट कंपनीच्यापेक्षा खोल, काच खाली येऊन त्याच्यावर बसतेय. म्हणजे घेताना वॉट बघितले, ओहम बघितले, मॅग्नेटची खोली कोण बघणार? डब्यावर माउंटिंग डेप्थ म्हणून लिहिलेलं असतं बरं का, काच पूर्ण खाली करून आत पट्टी घालून मोजायचं, दोन मिनिटांचं काम.

बरं आवाज? कमी बेस! कंपनीच्या कागदी स्पीकरपेक्षा कमी. आणि इंजिन रेस केलं की स्पीकरमधून 'कुंईंईं', ॲक्सिलरेटर जसा दाबाल तसा सूर चढतो, सनईच. दुकानात फोन केला तर म्हणाले, साहेब, आफ्टरमार्केटमधे थोडं होतंच.

मग परत काका. रविवारी सकाळी ते लुंगीवर खाली आले, हातात टॉर्च, मल्टीमीटर आणि रिमोटमधून काढलेला एक पेन्सिल सेल. सेल बघून मला वाटलं विसरून आणला. पण त्यांनी क्रॉसओव्हरवरनं उजव्या दाराच्या वूफरची वायर सोडवली, सेलचं प्लस प्लसला, मायनस मायनसला टेकवलं, 'टप्' आणि वूफरचा पडदा बाहेर आला. डाव्या दाराला तेच केलं, टप्, आणि पडदा आत गेला. "हा बाहेर ढकलतोय तेव्हा तो आत ओढतोय. दोघं मिळून शून्य." एवढंच. दुकानातल्या पोरानं एका बाजूला प्लस-मायनस उलटं जोडलं होतं, त्यामुळं दोन्ही स्पीकर एकमेकांचा बेस खात होते. वायर उलटी केली आणि देवाशप्पथ, जे एवढ्या हजारात आलं नव्हतं ते पेन्सिल सेलमधे आलं.

सनईचं कारण अर्थिंग. ॲम्पची काळी वायर सीटखालच्या एका बोल्टला गुंडाळली होती, बोल्टवर गाडीचाच रंग. काकांनी सॅंडपेपरनं रुपयाच्या नाण्याएवढा रंग खरवडला, पांढरा पत्रा दिसेपर्यंत, तिथं लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून आवळलं, वर ग्रीस. वायर हातभरच ठेवली. शिवाय बॅटरीची जाड वायर आणि आरसीए (डेकपासून ॲम्पपर्यंत सिग्नल आणणाऱ्या वायरी) दोन्ही एकाच बाजूनं, एकाच टेपमधे गुंडाळून आणल्या होत्या, अल्टरनेटरचा (इंजिनवर वीज तयार करणारा) सगळा कचरा सिग्नलमधे. आरसीए पलीकडच्या बाजूनं घेतल्या. सनई बंद.

पण काकांचा खरा संताप झाला तो बॉनेट उघडल्यावर. बॅटरीपासून वायर थेट आत, मधे फ्यूजच नाही. "अरे ॲम्पला फ्यूज आहे म्हणून काय झालं, ही फ्यूज ॲम्पसाठी नसते, वायरसाठी असते." म्हणजे बॅटरीपासून डिक्कीपर्यंत तेरा-चौदा फूट वायर, पत्र्यातल्या भोकातून आलेली, कुठं जरी सोलली गेली आणि बॉडीला लागली तर मधे थांबवणारं कुणी नाही, सरळ आग. बॅटरीच्या दीड फुटाच्या आत फ्यूज पाहिजे आणि पत्र्याच्या भोकाला रबराचा ग्रोमेट पाहिजे, या दोन गोष्टींवर तडजोड नाही. आणि ती वायर पण, वरनं बोटाएवढी जाड, सोलली तर आत तार बारीक, ब्लेडनं खरवडलं की पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, सीसीए म्हणतात. माझं गणित असं, ७५ अधिक ७५ अधिक २००, साडेतीनशे वॉट, क्लास डी म्हणजे ऐंशी टक्के धरा, बॅटरीकडून साधारण ४३५, भागिले १३.८, म्हणजे ३२ अँपिअर. गाणं काही सतत फुल्ल वाजत नाही म्हणून सरासरी त्याच्या बरीच खाली असते, पण दणक्याला तेवढं लागतं. त्याला चार गेजची, म्हणजे चांगली जाड, शुद्ध तांब्याची वायर आणि ५० ची फ्यूज घेतली. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ एएचची, म्हणजे साठा थोडाच, त्यामुळं इंजिन बंद करून पार्ट्या करायच्या नाहीत, एकदा केली होती, धक्का मारायला चौघं लागले.

दारांचं काम मी पुढच्या दोन शनिवारी स्वतः केलं आणि सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडला, हे मी कुणालाही शपथेवर सांगीन. दारावर टिचकी मारून बघा, पत्र्याचा डबा वाजतो. त्या डब्यात तुम्ही वीस हजाराचा स्पीकर घाला, डबाच वाजणार. ब्यूटाइलचे शीट मिळतात, एका बाजूला चिकट डांबरासारखं, एका बाजूला ॲल्युमिनियम, आतल्या पत्र्याला चिकटवून रोलरनं दाबत बसायचं, हात काळे होतात, कोपरं सोलतात, मे महिन्यात करू नका. मग आतली मोठी भोकं पण त्यानंच बंद केली. नंतर दार लावलं तर 'ठण्' च्या जागी 'धप्', बायको म्हणाली गाडी महाग वाटायला लागली. स्पीकरखाली पाऊण इंचाची रिंग घातली म्हणजे काच मॅग्नेटला लागत नाही, पण रिंग प्लॅस्टिकची घ्या, एमडीएफची पावसाळ्यात बिस्किटासारखी फुगते कारण दाराच्या आत पाणी जातंच, जायचंच असतं, खालच्या भोकातून बाहेर पडतं. तो प्लॅस्टिकचा पडदा ते पाणी आत गाडीत येऊ नये म्हणून असतो. माझा फाडलेला, त्यामुळं जूनमधे खंबाटकीत जो पाऊस लागला त्यात ड्रायव्हरकडचा मॅट भिजून चिंब, आणि मी आठ दिवस एसीचं पाणी गळतंय म्हणून मेकॅनिककडं चकरा.

सबवूफरचा बॉक्स बंद घेतला, भोकवाला नाही. पोर्टेड जोरात वाजतो, खरंय, पण हलगीची थाप बसते तशी कोरडी थाप मला पाहिजे होती, आणि ती बंद डब्यात येते, शिवाय आकार निम्मा. वीस-पंचवीस लिटरमधे भागतं. स्विफ्टची डिक्की दोनशे लिटरची, गावाकडून येताना आई तांदळाचं अर्धं पोतं, गूळ, दोन नारळ आणि वर 'हे पण ने' असतंच, म्हणून मिस्त्रीकडून बॉक्स बनवताना मागं निघणारा प्लग लावून घेतला, दोन सेकंदात बॉक्स बाहेर. ज्यांना तेवढी पण जागा द्यायची नाही त्यांनी सीटखाली बसणारा चपटा घ्यावा, छाती नाही हलणार पण गाणं भरलेलं वाटेल.

सेटिंगचं थोडक्यात. ॲम्पवरचा गेन म्हणजे आवाजाचं बटन नाही, डेककडून आलेला सिग्नल किती वाढवायचा ते एकदाच ठरवायचं बटन. सगळे तिथंच फसतात, पूर्ण फिरवतात आणि मग ट्वीटर जळाले म्हणून रडतात. डेकचा आवाज पाऊणला ठेवायचा, बेस-ट्रेबल सपाट, स्पीकर काढून ठेवायचे, टेस्ट टोन (एकाच सुराचा सलग आवाज) लावायचा आणि मल्टीमीटर एसी व्होल्टवर. ७५ गुणिले ४, तीनशे, त्याचं वर्गमूळ १७.३, तेवढे व्होल्ट येईपर्यंत गेन, बास. सबला २०० गुणिले ४, २८ च्या जरा वर. दाराच्या स्पीकरला ८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खालचे सूर, देऊ नका आणि सबला ८० च्या वरचं देऊ नका, आपापलं काम आपापल्याला. हायवेला टायरचा घोंगाट खालच्या सुरातलाच असतो, तो बेस गिळतो, म्हणून सबची पातळी गावात एक आणि हायवेला दोन घरं वर, त्यासाठी ती छोटी वायरवाली नॉब गिअरजवळ लावलीय. सगळ्यात जास्त वापर तिचाच.

ब्रँडचं सगळे विचारतात म्हणून सांगतो, पायोनिअर, सोनी, केनवुड, जेबीएल, यात पहिल्या बजेटला काही चुकत नाही, हर्ट्झ, फोकल, मोरेल म्हणजे मग हप्ते. मुंबईवाले या सामानासाठी कलिन्याच्या सीएसटी रोडला जातात. माझा हिशोब: स्पीकर साडेसात हजार, ॲम्प अकरा, सबवूफर साडेपाच, बॉक्स बावीसशे, ब्यूटाइल सहा हजार, वायर-फ्यूज बत्तीसशे. पस्तीस हजार चारशे. काकांनी एक पैसा घेतला नाही, फक्त ड्रायव्हर सीटवर बसून डोळे मिटून एक नाट्यपद ऐकलं आणि म्हणाले ऑर्गन डावीकडं आहे. होता, खरंच डावीकडं होता.

गेल्या महिन्यात गावाला गेलो. चुलतभावाचा ऊसाचा ट्रॅक्टर आहे, डोक्यावर चार बॉक्स, घरच्या लग्नाला डॉल्बी भाड्यानं आणत नाहीत, हाच आणतात. त्याला गाडीत बसवलं, काचा वर, हलगी लावली. तो एक मिनिट गप्प बसला. मग दार उघडून उतरला, दार लावलं, दहा पावलं लांब गोठ्याकडं गेला, कान दिला, परत आला.

"आरं, बाहेर तर कायच येत न्हाय की."

म्हटलं दादा, बाहेर येऊ नये म्हणूनच तर सगळं केलंय. तो माझ्याकडं असा बघत राहिला जसं मी पस्तीस हजार देऊन मुका बैल आणलाय. मग पाठीवर हात ठेवला, "असू दे, हुईल नीट," असं म्हणून जेवायला गेला.

रात्री अकराला तो ट्रॉल्या घेऊन कारखान्याकडं निघाला. दहाच्या पुढं बाहेर वाजवायचं नसतं हे मी त्याला सांगून बघितलंय, तो म्हणतो झोप लागती रं. मी अंगणात पाणी प्यायला उठलो होतो. आधी बेस आला. आणि माझी स्विफ्ट, बंद, कुलूप लावलेली, चार दारं आतनं मढवलेली, तिच्या मागून खडखडखड. जवळ जाऊन हात लावला तर मागची नंबरप्लेट. तिच्या मागं फोमची पट्टी लावायची राहूनच गेली होती.